मागचं झाकण

फाट्यावर उतरून सुखदेवकाकांच्या शेताकडे निघाले, तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले असतील. खांद्याला पिशवी, पिशवीत कॅमेरा आणि टॉवेलात गुंडाळलेली लेन्स. दहा मिनिटांच्या त्या वाटेत मी चार वेळा थांबले आणि चारही वेळा पिशवीत हात घालून लेन्सचं मागचं झाकण जागेवर आहे ना, हे चाचपून पाहिलं. ते होतं. ते नेहमीच असतं. पण मी कुलूप लावल्यावर ओढून पाहणाऱ्या आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा ओढायला परत येणाऱ्या जातीची बाई आहे. माझी लेक म्हणते, "आई, तू एक दिवस कुलपालाच वेड लावशील."

वैशाख होता. नांगरून टाकलेली रानं इतक्या सकाळीही तापायला लागली होती आणि ढेकळांचा तो कोरडा, नाकात चढणारा वास सुटला होता. मला काकांना एक गोष्ट सांगायची होती. मी अकरा वर्षांची असताना त्यांच्यावर एक आळ आला. तो खोटा होता, आणि खोटा आहे हे मला माहीत होतं. मी बोलले नाही. त्या गोष्टीला सत्तेचाळीस वर्षं झाली. काकांच्या सुनेनं फोनवर सांगितलं होतं, "आबा सकाळी शेतातच राह्यतात, या तुमी." म्हणजे आता परत फिरायलाही सबब उरली नव्हती.

लेन्स जुनी आहे. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत लांब, कडांचा काळा रंग उडून आतलं पितळ दिसतं. मामानं ती मुंबईहून आणली तेव्हाच कुणाच्या तरी हातची होती, आणि आता माझ्याकडे आली आहे. हल्लीच्या कॅमेऱ्याला ती तशी बसत नाही, मध्ये एक कडं लावावं लागतं. आणि लावलं तरी कॅमेऱ्याला तिचा पत्ता लागत नाही. फोकस हातानं करायचा. आतलं वंगण घट्ट झालेलं, त्यामुळे फोकसचं कडं फिरवत राहायचं, फिरवत राहायचं. पक्षी हळूहळू स्पष्ट होतो, डोळ्यात चमक दिसायला लागते, आणि तो उडतो. माझ्याजवळ रिकाम्या फांद्यांचे फार सुंदर फोटो आहेत.

तलावावर हौशी पोरं येतात, त्यांच्याकडे नव्या लेन्स. एकानं मला विचारलं, "मॅडम, ही तोफ कोणत्या किल्ल्यावरून काढून आणली?" मी हसते. त्यांना काय सांगणार, की मला ह्या तोफेशिवाय दुसऱ्या कशातून पाहताच येत नाही. वीस फुटांच्या आतलं तिला काही दिसत नाही. बगळ्याच्या पाठीला ती जांभळट कड लावते. आतल्या भिंगाच्या काठाला बुरशीचे पांढरे धागे आहेत, ते दरवर्षी थोडे पुढे सरकतात, की मलाच तसं वाटतं, देव जाणे. पण तिच्यातून दिसणारा उजेड जरा दुधाळ असतो, आणि तो मला माझ्या उन्हाळ्याच्या सुट्टीतला वाटतो.

सुट्टी म्हणजे मामाचं घर, धामणगाव बढे. खाली रस्त्याला लागून मामाचा फोटो स्टुडिओ आणि वर राहायच्या खोल्या, त्यावर गच्ची. स्टुडिओत एक पडदा होता, त्यावर रंगवलेला धबधबा आणि दोन हरणं. नवी जोडपी त्या धबधब्यापुढे घामानं निथळत उभी राहायची आणि मामा काळ्या फडक्याखालून ओरडायचा, "जरा हसा की हो, लग्न झालं तुमचं." त्याच्या बोटांना फोटो धुण्याच्या औषधाचा आंबूस वास असे, जेवतानासुद्धा. मामी नाक मुरडायची. मला तो वास आवडायचा.

पण मामाचा जीव लग्नांत नव्हता. त्याला पक्ष्यांचं वेड होतं, आणि ते वेड त्याला लावलं सुखदेवकाकांनी. हे त्याचे शाळेतले सोबती. गावाबाहेर नाल्याकाठी त्यांचं छोटं कोरडवाहू शेत होतं. त्यांचे कान असे, की "तिकडं हाय" म्हणून ते बोट करायचे आणि पक्षी त्यानंतर बोलायचा. दोघं पहाटे निघत. तिपाई काकांच्या खांद्यावर, कॅमेरा मामाच्या गळ्यात, आणि मागून पाण्याची बाटली घेऊन मी. लेन्स कॅमेऱ्याला लागली की तिची दोन्ही झाकणं काकांच्या छातीवरच्या खिशात जात, बिडीच्या बंडलाशेजारी. त्यामुळे झाकणांना कायम तंबाखूचा वास यायचा. मामा म्हणायचा, "माह्याकडं राह्यलं तं झाकण हरवते. सुखदेवकडं राह्यलं तं निस्ता वास मारते."

त्या दोघांचा एक जुना वाद होता, पखुर्डीवरून. पखुर्डी म्हणजे कबुतराएवढा, मातीच्या रंगाचा माळावरचा पक्षी. बसला की ढेकूळ कोणतं आणि पखुर्डी कोणती, हे कळत नाही. सूर्य वर आल्यावर दीड-दोन तासांनी त्या थव्यानं पाण्यावर येतात. काका म्हणायचे, ह्यांच्यातला नर पाण्यात पोट बुडवून बसतो, पोटाची पिसं भिजवून घेतो आणि तेवढं पाणी माळावरच्या पिलांना नेऊन पाजतो.

"तुह्या डोयानं पाह्यलं काय?" मामा विचारायचा.

"माह्या बापानं पाह्यलं."

"बापानं पाह्यल्याचा फोटो निघत नाई, सुखदेव."

मग दोघं हसायचे. पण मामाला तो फोटो हवाच होता. तीन उन्हाळे त्यांनी नाल्याच्या डोहाकाठी गोणपाटाच्या आडोशामागे बसून काढले. कधी पखुर्ड्या पलीकडच्या काठाला उतरल्या, कधी गुरं आली, कधी मामाला ऐन वेळी खोकला आला.

आणि मे महिन्यात मामीचं वाळवण. गच्चीभर कुरडया, शेवया, ज्वारीच्या बिबड्या, एका कोपऱ्यात तिखटाच्या मिरच्या, दुसऱ्यात तुरीची डाळ. वर्षभर पेटीत पडलेल्या गाद्या-गोधड्यांनाही ऊन दाखवायचं. त्या रांगेत लेन्सही असे. मामाचं म्हणणं, ती मुंबईची ओल अंगात घेऊन आली आहे, तिच्यातली बुरशी आपल्या उन्हानंच मरेल. ते काम माझ्याकडे होतं. एका हातात कावळे हाकलायची काठी, आणि लेन्सची राखण. नियम मामानं माझ्याकडून पाठ करून घेतले होते. कोवळ्या उन्हातच ठेवायची. तोंडावर मलमलचं फडकं टाकायचं. आणि मागचं झाकण काही झालं तरी काढायचं नाही.

का काढायचं नाही, हे त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या दिवशी सकाळी सुखदेवकाका गच्चीवर येऊन बसले होते, गाद्यांच्या ढिगाला टेकून. बिडी ओढत त्यांनी मामाला सांगितलं, उद्या यायचंच, नर रोज एकाच दगडाजवळ उतरतो आहे, आता चुकायचं नाही. मामाचा चेहरा खुलला होता. मग काका गेले, मामा स्टुडिओत उतरला, आणि गच्चीवर मी एकटी राहिले.

झाकण मी उगाचच फिरवलं. ते फिरत होतं म्हणून फिरवलं. निघाल्यावर मी बाज आडवी उभी केली, तिच्यावर गोधडी टाकून आत अंधार केला, लेन्सवरचं फडकं काढलं आणि तिचं तोंड बाहेर, मागची बाजू आत अंधारात अशी धरली. कुरडयांसाठी काढून ठेवलेलं मामाचं जुनं धोतर आत तिच्या मागे होतं. त्या पांढऱ्या धोतरावर अचानक कडुनिंब आला. समोरच्या अंगणातला, अख्खा, हिरवागार आणि उलटा. त्याची पानं हलत होती. त्यातून एक कावळा उलटाच उडत गेला. इतकं सुंदर काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, नंतरही नाही.

खालून मामीची हाक आली, "ये वं, चीक झाला." मी लेन्स गाद्यांच्या ढिगावर टेकवली, तोंड उन्हाकडे, झाकण फ्रॉकच्या खिशात, आणि जिना उतरले. कुरडयांचा गरम चीक, त्यावर कच्चं तेल आणि तिखट. मी वाटीभर खाल्ला. मामीनं पुन्हा वाढला, तोही खाल्ला. वाटी चाटून झाल्यावर वास आला.

दोन नव्या गाद्या गेल्या. आणि एक गोधडी गेली, मामीच्या वारलेल्या आईच्या लुगड्यांची. कापसात आग दिसत नाही, ती आत पसरत जाते. मामानं हातानं ती उचलून फेकली, पाणी ओतलं. त्याचे दोन्ही तळवे भाजले. लेन्स बाजूला घरंगळून पडली होती, तिला काही झालं नव्हतं. मामी ओल्या काळ्या चिंध्यांपुढे बसली होती.

"बिडी," ती म्हणाली. "त्या सुखदेवची बिडी. इथंच बसेल होता नं तो?"

ती माझ्याकडे पाहत होती.

"हो," मी म्हणाले. "सुखदेवकाका इथंच बसले होते."

ह्यातला शब्दही खोटा नाही. म्हणूनच त्या वाक्याचा काटा अजून निघत नाही.

संध्याकाळी मामा माझ्याजवळ आला. हाताला फडकी बांधलेली. त्यानं तळवा माझ्यापुढे धरला आणि फक्त म्हणाला, "झाकण." मी खिशातून काढून दिलं. त्यानं ते भाजलेल्या बोटांनी, सावकाश, एकेक वेढा देत लेन्सला बसवलं. मला रागावला नाही. कुणाला काही बोललाही नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा मामीनं त्यांना उंबऱ्याबाहेरच गाठलं. मी दाराआड होते. ती काय काय बोलली ते लिहीत नाही. काका खाली मान घालून उभे होते. शेवटी म्हणाले, "माह्यानंच झालं असंन, वहिनी. थोटूक कुठी टाकलं ते ध्यानातच नाई." आत मामा खाटेवर बसला होता. त्याला ऐकू येत होतं. तो उठून बाहेर आला नाही. मी त्याच्याकडे पाहत होते आणि तो स्वतःच्या हातांकडे पाहत होता.

त्यानंतर मामानं फक्त लग्नं काढली. लेन्स पेटीत गेली. काकांचं घरात येणं बंद झालं आणि पहाटे कुणी कुणाला उठवेना. मला त्या सुट्टीचं पुढचं काही आठवत नाही. फक्त त्या वर्षीच्या कुरडयांना धुराचा वास लागला होता आणि त्या फेकून न देता आम्ही घरी नेऊन वर्षभर खाल्ल्या.

दैव असं, की मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. दरवर्षी भिंगाचा प्रयोग यायचा, उन्हात कागद जाळायचा. मी तो आज-उद्या करत आभाळ येईपर्यंत ढकलायची आणि मग पोरांना म्हणायची, "आता ऊन नाही, वाचून घ्या." पस्तीस वर्षं मी ढगांच्या आडून शिकवलं. मामा गेला, तेव्हा मामीनंच पेटी उघडून लेन्स माझ्या हातात दिली. "ने वं. तुले लय आवड व्हती तिची. इथं निस्ती सडून राह्यली." मी तिलाही सांगू शकले नाही. मग मीही गेल्या वर्षी निवृत्त झाले, आणि मोकळ्या वेळात माणसाच्या मागं जे लागायचं ते लागलं.

काका बांधावर बाभळीच्या सावलीला बसले होते. वाळून बोरकाडी झालेले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी मला न्याहाळलं.

"कोन?"

"मी. स्टुडिओवाल्यांची भाची."

"तू तं म्हातारी झाली वं," ते म्हणाले. मग पिशवीतून डोकावणाऱ्या टॉवेलाकडे बोट करून, "नळा आणला काय?"

नळा. लेन्सला ते नळा म्हणायचे, हे मी विसरले होते. माझे डोळे भरून आले आणि मी उगाच पिशवीत काहीतरी शोधायला लागले. "पखुर्ड्या येतात का अजून?" मी विचारलं. "येतात नं. चाल," म्हणून ते काठीवर भार देऊन उठले.

नाला तोच होता, डोह आटून अंगणाएवढा राहिला होता. आम्ही पळसाच्या झुडपामागे बसलो. ऊन वर चढत होतं. मी लेन्स टॉवेलातून काढली आणि मांडीवर धरून ठेवली. बसमध्ये मी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही जिभेवर येईना. शेवटी जे पस्तीस वर्षं टाळलं ते केलं. दोन्ही झाकणं काढली, पळसाचं एक वाळलेलं पान वाळूवर ठेवलं आणि लेन्स त्यावर धरली. उन्हाचा ठिपका लहान होत होत पानावर बसला. मोजून चार-पाच श्वास. मग धुराची रेघ उठली, आणि वास आला, थेट बिडीचा.

"काका, गाद्या अशा पेटल्या होत्या," मी म्हणाले. "तुमच्या बिडीनं नाही. मी झाकण काढून उन्हात ठेवली होती. मामीनं विचारलं तेव्हा मी तुमचं नाव घेतलं."

काकांनी आधी ते पान चपलेनं वाळूत दाबलं. धूर पुरता विझेपर्यंत दाबून धरलं. मग म्हणाले, "असं व्हते?"

"हो."

"म्हंजे बिडी नव्हतीच."

"नव्हती."

"त्याच दिशी सोडली म्या बिडी," ते म्हणाले. "पुन्हा हात नाई लावला. तुह्या मामीच्या मायची गोधडी व्हती ते. ज्या घरात जेवलो, त्या घरात आग लावली, असं लय लागलं मनाले."

माफ करा हा शब्द मी सोबत आणला होता, पण तो त्या सत्तेचाळीस वर्षांपुढे काढायची मला लाज वाटली. काका पाण्याकडे पाहत होते. मग त्यांनी जे विचारलं, त्याची मी तयारीच केली नव्हती.

"तुह्या मामाले ठाव व्हतं?"

नव्हतं, असं म्हणायला काय जात होतं. मामा आता नाही. ह्या माणसाचा सोबती त्याच्या मनात होता तसा राहिला असता. शब्द अगदी ओठांवर आला. पण एकदा मी त्यांच्याबद्दल सोयीचं बोलून बसले होते, आणि पुन्हा तेच करायला इतक्या लांब आले नव्हते.

"हो," मी म्हणाले. "त्याच संध्याकाळी कळलं त्याला. झाकण माझ्याच खिशात होतं."

काकांनी काठी आडवी मांडीवर घेतली. तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले. मला वाटलं, आता हे उठतील आणि निघून जातील, आणि तसं केलं तर ते बरोबरच होईल.

"मंग आला काऊन नाई तो?" ते म्हणाले. "म्या वाट पाह्यली. बाजाराच्या दिशी मुद्दाम स्टुडिओवरून जावो. तो मान खाली घाले. मी म्हनो, राग हाय अजून. जाऊ द्या." ते मग पाण्याकडेच पाहत, मला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी हळू म्हणाले, "लाजून राह्यला होता काय बे तू?"

मी तोंडाला ओढणीचा पदर लावला. ते रडले नाहीत. एकदा नाक ओढलं, आणि मग त्यांची मान एकदम वळली.

"येऊन राह्यल्या."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. थोड्या वेळानं आलं. उंचावरून कट्रर्र, कट्रर्र असा दुहेरी आवाज, आणि मग माळाकडून आठ-दहा पाखरं खाली येऊन पाण्यापासून दूर वाळूवर उतरली. उतरताच दिसेनाशी झाली. मग मातीच चालायला लागावी तशी तुरुतुरु पाण्याकडे निघाली. लेन्स कॅमेऱ्याला लागता लागेना. मागचं झाकण कुठे ठेवू हे सुचेना, खिशात घालायचा तर मला धीरच झाला नाही.

काकांनी पाण्यावरची नजर न काढता तळवा माझ्यापुढे धरला.

"झाकण."

मी दिलं. त्यांनी ते छातीवरच्या खिशात टाकलं आणि वरून हात फिरवला. मधलं कडं बसलं. मी डोळा लावला आणि फिरवत राहिले, फिरवत राहिले. दुधाळ उजेडातून एक दगड वर आला, त्याच्याशेजारी एक नर. तो पाण्यात शिरला, थांबला, आणि पिसं फुगवून खाली बसला. पोट पुरतं बुडालं. तो इकडून तिकडे डुलत होता. अजून सगळं धूसर होतं आणि कडं जड झालं होतं, आणि तो उडून जाईल ह्या भीतीनं माझं बोट आधीच बटणावर गेलं.

"घाई करू नको," काका कानाशी म्हणाले. "झाकण माह्याकडं हाय."